मंगळाला मध्ये घेऊ नका

"पत्रिका जुळत नाही." लग्नाच्या बोलणीतलं हे सर्वांत सोयीचं वाक्य. मुलगी सावळी वाटली, मुलाचा पगार तोकडा वाटला, होणारे व्याही खर्चाला हात आखडता घेतील अशी शंका आली, मुलाचं आधीच कुठे जमलंय हे उशिरा कळलं. कारण कुठलंही असो, निरोप हाच जातो. ऐकणारा दुखावत नाही आणि सांगणाऱ्यालाही आपण खोटं बोललो असं वाटत नाही. पिढ्यान् पिढ्या हे वाक्य दोन्ही बाजूंची अब्रू राखत आलं आहे. पण या सोयीची किंमत कुणीतरी मोजत असतं, आणि बहुतेक वेळा ती मोजते मुलगी.

ज्योतिषावरच्या विश्वासाने नाती सावरतात की बिघडतात, असं विचारलं की चारचौघं "श्रद्धेचा विषय आहे" म्हणून बाजूला होतात. मी होणार नाही. माझ्या मते बिघडतात. का, ते सांगते.

मी राहते ती द्वारका दिल्लीतली, पालमच्या पलीकडची. सेक्टरांचे आकडे, सहकारी सोसायट्यांच्या आठ-नऊ मजली इमारती, डोक्यावरून उतरणारी विमानं आणि मेट्रोची ब्लू लाइन. केंद्र सरकारच्या नोकरीत, हवाई दलात, बँकांत, विमान कंपन्यांत असलेली बरीच मराठी कुटुंबं इथे स्थिरावली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असतं, गणपतीत मोदक होतात आणि मुलं घरात मराठी, लिफ्टमध्ये हिंदी बोलतात. पोरांची लग्नं कधी पुण्या-नागपूरच्या स्थळांशी जमतात, कधी ऑफिसातल्या पंजाबी, बंगाली, बिहारी सहकाऱ्यांशी.

इथे पत्रिकेचं वजन गावापेक्षा वाढतं, याला कारण आहे. साताऱ्यात किंवा अकोल्यात स्थळ आलं की चौकशी होते. मुलाच्या मामाच्या ओळखीचं कुणीतरी निघतं, शेजारचे सांगतात, शाळेतले मास्तर सांगतात, वाण्याकडची उधारीसुद्धा कळते. द्वारकेत समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाचं आडनाव दारावरच्या पाटीवरून कळतं, त्यापुढे काही नाही. मुलगा गुरुग्रामच्या कंपनीत, घर पानिपतचं, आजोळ कानपूरचं. विचारणार कुणाला? मग दोन्हीकडच्या लोकांना वाचता येतो असा वाटणारा एकच कागद उरतो. आपण त्याला पत्रिका म्हणतो, ते कुंडली म्हणतात. चौकशीची जागा त्या कागदाने घेतली. आणि त्या कागदात चौकशीतलं काहीच नसतं.

आमच्याच भागातली एक गोष्ट. मराठी मुलगी, उत्तरेकडचा मुलगा, एकाच ऑफिसात. तीन वर्षांची ओळख, घरच्यांच्या दोन भेटी, साखरपुड्यासाठी हॉलची विचारपूस सुरू. एका संध्याकाळी मुलाच्या आईचा फोन आला. "दीदी, बाकी सब अच्छा है, बस नाड़ी एक है. हमारे पंडितजी मना कर रहे हैं." मुलीच्या आईने मला विचारलं, "वहिनी, यावर मी काय बोलणार होते? पैशाचं म्हणाल्या असत्या तर भांडले असते." मुलीने मुलाला एकच प्रश्न केला: "तुझं काय म्हणणं आहे?" तो म्हणाला, "मम्मी नहीं मान रही." तीन वर्षांच्या नात्याला त्याने दिलेलं उत्तर एवढंच. स्वतःचं मत सांगायची वेळच त्याच्यावर आली नाही, कारण नकार नाडीच्या नावावर जमा झाला होता.

सगळा प्रश्न इथे आहे. दोन माणसांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघून जे बोलायचं, ते बोलायची गरज ही श्रद्धा संपवते. नातं तिथेच पोकळ होतं, मग ते जुळो की तुटो.

कागद वाचून बघा

गुणमेलनाचा तक्ता आपण बेरजेपुरता बघतो. एकदा रकाने वाचा. वर्णाला 1 गुण, वश्याला 2, तारेला 3, योनीला 4, ग्रहमैत्रीला 5, गणाला 6, राशिकूटाला 7 आणि नाडीला 8. बेरीज 36. अठरा मिळाले की चालतं. हे आठही रकाने एकाच गोष्टीवरून भरतात: जन्माच्या वेळी चंद्र कुठल्या राशीत आणि कुठल्या नक्षत्रात होता. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणजे त्या दिवशी देशभर जन्मलेल्या हजारो मुलांचे तुमच्या मुलीशी जवळजवळ तेवढेच गुण जुळणार. त्यांतला एक दारू पिऊन बायकोवर हात उचलेल, एक तिच्या नोकरीसाठी स्वतःची बदली मागून घेईल. तक्त्याला दोघे सारखेच.

आता नाडी. सत्तावीस नक्षत्रं आद्य, मध्य आणि अंत्य अशा तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटली आहेत. कुठलीही दोन माणसं उचला, त्यांची नाडी एक असण्याची शक्यता साधारण तीनांत एक. म्हणजे दर तिसरं जोडपं या नियमाने बाद. हा नियम खरा असता तर पत्रिका न बघता झालेल्या कोट्यवधी लग्नांत, खेड्यापाड्यांत, इतर धर्मांत, परदेशांत, दर तिसरा संसार एका साच्यात फसलेला दिसला असता. तसं कुठेही दिसत नाही. खुद्द शास्त्रालाही हे जड गेलं असावं, कारण एकनाडीला अपवादांची मोठी यादी जोडलेली आहे. ज्योतिषी बदलला की अपवाद लागू होतो आणि कालचं अशक्य लग्न आज शक्य होतं.

नाडीचा दोष संततीला बाधतो असं सांगतात. संततीची काळजी खरीच असेल तर तिचा रस्ता रक्ततपासणीच्या लॅबकडे जातो. दिल्लीत पंजाबी आणि सिंधी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत आणि या समाजांत थॅलेसेमिया मायनरचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं. आपल्याकडे विदर्भातल्या काही समाजांत सिकलसेल आहे. दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारांत एक असते, आणि त्या मुलाला आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. वाहक असणारा माणूस स्वतः ठणठणीत असतो, म्हणून ते तपासल्याशिवाय कळत नाही. लग्नाआधी एक साधी तपासणी हे सांगते, आणि कळल्यावर काय करायचं हे दोघं मिळून, डॉक्टरांना विचारून ठरवू शकतात. नाडीसाठी तीन-तीन पंडित गाठणाऱ्या किती घरांत ही तपासणी होते? मुलीला किंवा मुलाला "रक्त तपासून घेऊ या" म्हणणं आपल्याला अपमानाचं वाटतं. "मंगळ आहे का" हे विचारताना जीभ अडखळत नाही.

मंगळाचंही बघू. पत्रिकेतल्या बारा स्थानांपैकी पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की माणूस मंगळी. बारांत पाच. ढोबळ हिशेबाने शंभरांतली चाळीसहून जास्त माणसं मंगळी निघतात. काही जण चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मंगळ मोजतात. मग बिनमंगळाचा माणूस शोधावा लागतो. इतक्या सगळ्यांचे संसार धोक्यात असतील तर तो धोका मंगळाचा नव्हे, मोजण्याचा.

आणि मोजमाप तरी एक आहे का? महाराष्ट्रात दाते पंचांग आहे, टिळक पंचांगही आहे. नक्षत्रचक्राची सुरुवात नेमकी कुठून धरायची यावर दोन्हींचं एकमत नाही आणि फरक सुमारे चार अंशांचा पडतो. एक नक्षत्र तेरा अंश वीस कलांचं. साधा भागाकार करा: दहांतल्या तीन मुलांचं नक्षत्र पंचांग बदललं की बदलतं. नक्षत्र बदललं की नाडी, गण, योनी, तारा, बेरीज, सगळं बदलू शकतं. जी मुलगी एका पंचांगाने 28 गुणांची, ती दुसऱ्याने 12 गुणांची ठरू शकते. मुलगी तीच, तिचा जन्म तोच, मुलगाही तोच.

तपासून झालेलं आहे

"अनुभव आहे हो," असं लोक म्हणतात. अनुभवाची परीक्षा पुण्यात झालेली आहे. 2008 मध्ये जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक-चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी ती घेतली. शाळांमधून 100 हुशार मुलांचे आणि 100 मतिमंद मुलांचे जन्मतपशील गोळा केले, पत्रिका बनवल्या आणि त्या सरमिसळ करून ज्योतिषांना पाठवल्या. प्रत्येकाला 40 पत्रिका. प्रश्न एकच: यांतली हुशार मुलाची कुठली, मतिमंद मुलाची कुठली? 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या 200 पत्रिका तपासल्या. तिची 102 उत्तरं बरोबर आली, म्हणजे 51 टक्के. नाणं उडवलं असतं तरी हेच झालं असतं. 2009 मध्ये हा निबंध 'करंट सायन्स'मध्ये छापून आला.

ज्या शास्त्राला माणसाच्या बुद्धीतला एवढा ढळढळीत फरक कागदावरून सांगता आला नाही, ते नवरा-बायकोचं पटेल की नाही हे कसं सांगणार?

लग्नाचीच परीक्षा हवी असेल तर तीही आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या 2001 च्या जनगणनेतल्या सुमारे एक कोटी जोडप्यांच्या जन्मतारखा डेव्हिड व्होआस या संशोधकाने पाहिल्या. अमुक राशीच्या माणसाची तमुक राशीशी जोडी अधिक जमते असं काही दिसतं का, हे शोधलं. काही दिसलं नाही. तिकडची रास सूर्यावरून ठरते आणि आपली चंद्रावरून, हा फरक मान्य. पण जन्मवेळेवरून जोड्या जमतात असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे समोर ठेवावेत आणि आपल्या बाजूने एवढी मोठी तपासणी करून दाखवावी.

यावर दिल्लीत एक उत्तर हमखास येतं: "मग विद्यापीठात कसं शिकवतात?" शिकवतात, खरं आहे. 2001 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिर्विज्ञानाच्या अभ्यासक्रमांना वाट करून दिली, वैज्ञानिकांनी कडाडून विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2004 मध्ये न्यायालयाने अभ्यासक्रम रोखायला नकार दिला. आमच्या दिल्लीतल्या इग्नूने 2021 मध्ये ज्योतिषात एम. ए. सुरू केलं. एखादा विषय शिकवायची परवानगी मिळणं आणि तो विषय खरा ठरणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मुलीचं लग्न मोडायला पदवीचा शिक्का पुरा पडत नाही.

भार कुणाच्या डोक्यावर

आता सर्वांत दुखरी बाजू. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला वाईट. आश्लेषावरची सासूला वाईट. ज्येष्ठावरची थोरल्या दिराला, विशाखावरची धाकट्या दिराला. ही यादी आजही बोलणीत निघते. चार माणसांच्या आयुष्याची जबाबदारी घरात पाऊलही न टाकलेल्या मुलीवर टाकलेली आहे, आणि तीही तिच्या जन्माच्या दिवसावरून. व्यवहारात जावयाला अशी यादी कुणी लावत नाही. अमुक नक्षत्राचा जावई सासूला वाईट, म्हणून मुलगा नाकारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

अशी मुलगी लग्न होऊन आलीच, तर पुढचं ठरलेलं. सासऱ्यांना बायपास करावी लागली की घरात कुजबुज सुरू होते. पांढऱ्या पायाची म्हणतात ते हेच. सासऱ्यांच्या तीस वर्षांच्या सिगारेटी कुणाला आठवत नाहीत. सून चहाचा कप पुढे करते तेव्हा घेणाऱ्याच्या मनात काय आहे हे तिला कळतं, आणि त्या घरात ती पुन्हा मोकळी होत नाही. कुणीही दुष्ट नसताना हे नातं नासलं. नुसत्या विश्वासाने नासलं.

मंगळाच्या मुलीचं पहिलं लग्न मडक्याशी लावतात. कुंभविवाह. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलीला नटवून मातीच्या घटासमोर उभी करायची, विधी करायचे आणि मग तो घट विसर्जित करायचा, म्हणजे येणारा नवरा वाचला. "घरच्या घरी उरकू, कुणाला सांगायचं नाही," असं आई म्हणते. कुणाला सांगायचं नाही हे आईलाही कळतं, कारण त्यात अपमान आहे हे तिला कळतं. आणि नवरामुलगा? आपल्या जिवाला ही मुलगी घातक आहे असं गृहीत धरून केलेल्या विधीनंतर तो तिच्याशी संसार सुरू करतो. संसाराची सुरुवात भीतीने, आणि भीती कुणाची, तर बायकोची.

हे फक्त आपलंच नाही. जपानमध्ये साठ वर्षांनी एकदा येणाऱ्या 'अग्निअश्व' वर्षात जन्मलेली मुलगी नवऱ्याला घातक ठरते असा समज आहे. 1966 मध्ये ते वर्ष आलं, तेव्हा त्या शिकल्या-सवरलेल्या, उद्योगी देशातल्या जन्मांची संख्या आदल्या वर्षापेक्षा सुमारे पाव हिश्शाने घटली. लोकांनी मुलीच होऊ नयेत म्हणून मूलच टाळलं. तिकडेही भार मुलीच्याच डोक्यावर.

मंगळ न्यायालयापर्यंतही पोचला आहे. लग्नाचं वचन देऊन संबंध ठेवल्याचा आणि मग लग्न नाकारल्याचा आरोप असलेल्या एका खटल्यात, मुलगी मंगळी असल्यामुळे लग्न होऊ शकत नाही, असा बचाव आला. 23 मे 2023 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने लखनौ विद्यापीठाच्या ज्योतिष विभागप्रमुखांना पत्रिका तपासून मुलगी मंगळी आहे का ते कळवायला सांगितलं. 3 जून रोजी, शनिवार असून आणि उन्हाळी सुट्टी असून, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेत त्या आदेशाला स्थगिती दिली. ज्योतिष शास्त्र आहे की नाही यात न्यायालय शिरलं नाही, शिरायची गरजही नव्हती. त्याआधी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढेही असाच एक माणूस आला होता. पत्रिका जुळत नाही हे कारण पुढे करून त्याने वचन टाळल्याचं प्रथमदर्शनी दिसतं, असं म्हणत न्यायालयाने त्याला आरोपमुक्त करायला नकार दिला. संबंध ठेवताना पत्रिका आडवी येत नाही. लग्नाची वेळ आली की येते. या दोन प्रकरणांवरून प्रत्येक आई-बापाने एवढं तरी शिकावं.

लग्नानंतरची साडेसाती

लग्न झाल्यावर ग्रह घरातून जात नाहीत, मुक्काम ठोकतात. दिल्लीत शनिवारी सिग्नलला तेलाचे डबे घेऊन शनीचं दान मागणारे दिसतात, गाडीची काच खाली करून नाणं टाकणारा माणूस घरी जाऊन बायकोला सांगतो, "सध्या माझी साडेसाती आहे, माझ्या रागाचं मनावर घेऊ नकोस." शनी आपल्या राशीच्या आधीच्या, आपल्या आणि पुढच्या राशीत असतो तो काळ साडेसातीचा. बारांतल्या तीन राशी कायम साडेसातीत, म्हणजे कुठल्याही दिवशी देशातली पाव लोकसंख्या. एकशेचाळीस कोटींतले पस्तीस कोटी. एवढ्या सगळ्यांचं एकदम वाईट चाललेलं नसतं. ज्याला निमित्त हवं असतं, त्याला मात्र ते साडेसात वर्षं पुरतं.

रागावर काम करता येतं. दारूवर इलाज आहे. कर्जाचं वेळापत्रक मांडता येतं. सासू-सुनेत कोण काय करणार याची वाटणी करता येते. पण कारण एकदा शनीवर ढकललं की यातलं काही करायचं उरत नाही. माफी मागायचीही गरज उरत नाही, कारण आपण काही केलेलंच नाही.

सेक्टर 10 मध्ये द्वारकेचं न्यायालय आहे, तिथे कौटुंबिक न्यायालयही भरतं. हिंदू विवाह कायदा 1955 चा. घटस्फोटाची कारणं त्यात एकेक करून लिहिली आहेत: क्रूरता, सोडून जाणं, व्यभिचार वगैरे. ती सगळी माणसांच्या वागण्याची किंवा अवस्थेची आहेत. एकाही कलमात ग्रह नाही. संसार कशाने मोडतात हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं.

ज्योतिष्याकडे का जातात

आता दुसऱ्या बाजूचं, आणि तेही मनापासून. ज्योतिष्याकडे जाणारी बाई मूर्ख नसते. तिचं ऐकणारं कुणी नसतं. नवरा कामावरून नऊला येतो, माहेर बाराशे किलोमीटरवर, मैत्रिणींना सांगावं तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पसरायची धास्ती. अशा वेळी समोर बसून अर्धा तास तिचं ऐकणारा माणूस तिला हवा असतो. "गुरू बदलला की बरे दिवस येतील," एवढ्या वाक्यावर ती सहा महिने तग धरते. काही घरांत त्या सहा महिन्यांत भांडण निवळतंही. हे मी नाकारत नाही. दिलासा खरा असतो.

पण तो दिलासा ऐकून घेण्याने मिळतो, ग्रहांनी नाही. आणि ऐकणाऱ्याला काय ऐकायचं हे माहीत नसेल तर तोच दिलासा घात करतो. मार खाणाऱ्या बाईला "अजून दीड वर्ष सोस" हा सल्ला ग्रहांच्या हिशेबाने बरोबर असेल, तिच्या बरगड्यांच्या हिशेबाने नाही. तिच्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, 181 ही महिला हेल्पलाइन आहे. जिथे मार नाही पण रोजची धुसफूस आहे, तिथे समुपदेशक आहेत आणि न्यायालयातलं मध्यस्थी केंद्र आहे. मिनिटाला दर लावणाऱ्या ज्योतिष ॲपवर रात्री बोलत बसण्यापेक्षा यांतलं काहीही बरं. तिथे निदान दुसऱ्या बाजूच्या माणसालाही बोलावून समोर बसवतात.

"पण आमचं लग्न पत्रिका बघूनच झालं, चाळीस वर्षं सुखाने नांदतोय," असं सांगणारी जोडपी माझ्याही नात्यात आहेत. त्यांना मनापासून नमस्कार. त्यांनी चाळीस वर्षं एकमेकांची दुखणी काढली, पगार पुरवून पुरवून वापरले, एकाने आवाज चढवला तेव्हा दुसऱ्याने उतरवला. तो संसार त्यांनी केला. त्याचं श्रेय चंद्राला देऊन ते स्वतःवरच अन्याय करतात.

मुहूर्ताच्या बाबतीत भास्कराचार्य आणि त्यांची मुलगी लीलावती यांची दंतकथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. वडिलांनी मुहूर्त अचूक काढला, घटिकापात्राच्या छिद्रात मोती अडकला, मुहूर्त टळला आणि मुलीचं लग्न राहिलं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथात ही कथा नाही. ती आढळते अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात. पण दंतकथा म्हणून जरी घेतली, तरी तिच्यात मुहूर्ताने मुलीचं नुकसान केलं आणि बापाने तिला दिलेल्या गणिताने तिचं नाव राहिलं. मुलीचं भलं चिंतणाऱ्या बापाने यांतलं कुठलं तिच्या पदरात घालावं, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मग काय करायचं

द्वारकेतल्या, आणि कुठल्याही गावच्या, मराठी आई-बापांना माझं सांगणं सरळ आहे. बायोडाटा उघडा. त्यात रास, नक्षत्र, चरण, नाडी, गण, मंगळ यांना सहा ओळी आणि माणसाला 'स्वभाव: मनमिळाऊ' ही एक ओळ. हे उलटं करा. त्या सहा ओळींच्या जागी सहा प्रश्न लिहा. डोक्यावर कर्ज किती? व्यसन कुठलं? राग आला की काय करतोस? बायकोची बदली झाली तर? मूल कधी, आणि त्याचं कोण काय करणार? दोन्हीकडच्या आई-वडिलांना म्हातारपणी कोण सांभाळणार? हे प्रश्न मुलालाही विचारा, मुलीलाही विचारा. उत्तर देताना कोण टाळाटाळ करतं ते बघा.

चौकशी करा. पानिपतचं घर असेल तर पानिपतला जा. मुलाला त्याच्या मित्रांत बघा, हॉटेलातल्या वेटरशी तो कसा बोलतो ते बघा. दोघांना भेटू द्या, एकदा नव्हे, हवं तेवढं. रक्त तपासा. ज्यांना हौस आहे त्यांनी मुहूर्त खुशाल काढावा, अक्षता चांगल्या वेळी पडाव्यात असं वाटणं माणसाचं आहे. पण कुणाशी लग्न करायचं, कुणाशी नाही आणि घरात बिघडलं तर दोष कुणाचा, या तीन गोष्टींत पंचांग उघडू नका.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी वेगळं सांगते, कारण तुमच्याशिवाय हे बदलणार नाही. तीन वर्षं जिच्याबरोबर हिंडलात, तिला "मम्मी नहीं मान रही" हे उत्तर देऊ नका. आईला समजावता येत नसेल तर तसं म्हणा. हिंमत नसेल तर तसं म्हणा. मन बदललं असेल तर तेही म्हणा. मुलगी रडेल, चिडेल, पण निदान तिला कळेल की नाही म्हणणारा माणूस होता. नाही तर ती वर्षानुवर्षं स्वतःच्या जन्मवेळेला दोष देत बसते.

स्थळ नाकारायचं तर स्वतःच्या नावावर नाकारा. स्वीकारायचं तर स्वतःच्या जबाबदारीवर स्वीकारा.